आधी मावळतीची भिंत

सातारा,
एप्रिलअखेर

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं, सोबतचे सोळा फोटोही पोचले. मातीच्या भिंती, बांबूचं छत, चौकातला हौद, कोनाड्यातली पणती. चष्मा पुसून पुसून सगळे पाहिले. त्यांत तुझ्या मामांच्या प्लॉटचा एकही फोटो नाही. जोडलेल्या कागदावर लांबी-रुंदी आहे, रस्ता आहे, पण उत्तरेचा बाण नाही. माझ्या ऑफिसात दोन वर्षं काढलेल्या मुलीच्या कागदावर उत्तरेचा बाण नाही! त्या रात्री मला जेवण गेलं नाही. राग उतरावा म्हणून चार दिवस थांबलो आणि मग लिहायला बसलो.

तू विचारतेस, ‘सर, मातीचं बांधू की आरसीसीचं?’ मामांना शाहूपुरीतल्या त्या प्लॉटवर पश्चिमेला वरपासून खालपर्यंत काच हवी आहे, यवतेश्वरचा डोंगर आणि सूर्यास्त दिवाणखान्यात आला पाहिजे म्हणतात. तुला निसर्गाशी जुळवून राहणारं घर हवं आहे. या ओढाताणीत दोन महिने गेले आणि तू एक रेघ मारली नाहीस. अगं, भिंत कशाची यावर तुम्ही मामा-भाची भांडताय. भिंत कुठल्या अंगाची, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. साताऱ्यात घराचा विचार मावळतीच्या भिंतीपासून सुरू करायचा. आधी मावळतीची भिंत. देवघर, स्वयंपाकघर, जिना, बाकी सगळं नंतर.

हे मला कसं कळलं ते तुला कधी सांगितलं नव्हतं. १९९१ साली एका निवृत्त गुरुजींचं घर मी केलं. माझं स्वतःच्या नावावरचं तिसरं काम. गुरुजींनी आयुष्यभराची शिल्लक माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, ‘तुम्हाला योग्य वाटेल तसं करा.’ मी पश्चिमेला आठ फूट रुंदीची खिडकी काढली. संध्याकाळी डोंगराची कड त्या खिडकीत चित्रासारखी बसायची. वास्तुशांतीला आलेला प्रत्येक जण तिथेच उभा राहायचा आणि माझी छाती फुगायची. पुढच्या मे महिन्यात काही कामासाठी भर चार वाजता त्यांच्याकडे गेलो. खिडकीला आतून वाकळ टांगली होती, वाकळेच्या मागे काचेवर वर्तमानपत्रं चिकटवली होती. आजी पलंग सोडून बोळात चटईवर निजल्या होत्या. गुरुजी खजील होऊन म्हणाले, ‘तुमचं काही चुकलं नाही हो, आम्हीच पडदा जाड घ्यायला हवा होता.’

त्यांनी मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. मी माझ्या खर्चाने बाहेरून पडवी काढून देतो म्हणालो, तर नको म्हणाले. तुमची खिडकी आहे, राहू दे. बारा-तेरा उन्हाळे त्या दोघांनी माझ्या खिडकीमागे वाकळ लावून काढले. आज दोघंही नाहीत. तो नकाशा माझ्या टेबलासमोर भिंतीवर आहे. कशाचा आहे असं तू एकदा विचारलं होतंस आणि मी विषय बदलला होता.

आता हिशेब नीट समजून घे. सातारा साडेसतरा अंश अक्षांशाच्या थोडं वर. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, काठीची सावली काठीच्या बुडात जाते. तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणून दक्षिणेची भिंत इथे फारशी छळत नाही. दोन फुटी छज्जा दिला की उन्हाळा भागतो, आणि डिसेंबरात सूर्य खाली कलला की छज्ज्याखालून ऊन आत येतं, तेव्हा ते हवंच असतं. मावळतीला मात्र छज्ज्याचं काही चालत नाही. मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता सूर्य इतका खाली असतो की तोच दोन फुटी छज्जा खिडकीवर जेमतेम फूटभर सावली टाकतो. चार फुटी खिडकी असेल तर तीन फूट उन्हात. शिवाय हे ऊन येतं ते स्लॅब आणि विटा दिवसभर तापून झाल्यावर. रात्री अकराला पंखा गरम वारा फेकतो आणि लोक म्हणतात, यंदा उन्हाळा कडक आहे. उन्हाळा दर वर्षीच असतो, भिंत चुकलेली असते.

जून लागला की पावसाची झडही त्याच अंगाने येते. आणि वारा? तोही बहुतेक तिकडूनच. म्हणजे ऊन, पाऊस, वारा तिघंही एकाच दारात उभे, त्यातल्या एकाला आत घ्यायचं आणि दोघांना बाहेर थोपवायचं. आपल्याकडे घर करणं म्हणजे मुख्यतः हेच काम. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथल्या जुन्या घरांना पावसाळ्याआधी पावसाच्या अंगाने गवताचे पडदे बांधत. त्याच जिल्ह्यात माण-खटावला पाचशेच्या आसपास पाऊस, तिथे मातीचं धाबं आणि जाड भिंतीची, बारक्या खिडक्यांची घरं. तू पाठवलेले सोळा फोटो यांतल्या कुठल्या पावसातले आहेत, सांग बरं.

मावळतीला काय काय देता येतं ते लिहितो, हे तरी वहीत उतरवून घे. जिना तिथे टाक. मोरी-संडास, कोठीची खोली, भिंतभर कपाटं, जी जागा तापली तरी कोणाची झोप मोडत नाही ती सगळी मावळतीला. भिंत विटांची असेल तर विटा उभ्या लावून आत पोकळी ठेव, वास्तुकार लॉरी बेकरांनी केरळात रुजवलेला रॅट-ट्रॅप बाँड तो हाच. विटा सुमारे पावपट वाचतात आणि पोकळीतली हवा ऊन अडवते. गवंडी पहिले दोन दिवस कुरकुर करेल, तिसऱ्या दिवशी त्याचा हात बसतो. वाऱ्यासाठी भिंतीच्या दोन्ही टोकांना अरुंद उभे झरोके ठेव, लाकडी झडपांचे. समोर पूर्वेला त्याहून मोठी उघडीप हवी, नाहीतर आलेला वारा आतच घुटमळतो. जागा असेल तर आठ फूट खोल पडवी, वर मंगलोरी कौलं. पडवीच्या पुढे पंधरा फुटांवर कडुनिंब लाव. माघ-फाल्गुनात तो पानं टाकतो आणि ऊन कडक व्हायच्या आत चैत्रात पुन्हा भरतो. उंबर-पिंपळ भिंतीजवळ नकोत, ती मुळं पाया शोधत येतात.

मामांचा सूर्यास्त त्या पडवीत. तिथे झोपाळा टांग. सूर्यास्त बघायला माणूस उठून बाहेर येतो, चहाचा कप हातात घेऊन येतो. तो घरात आणून बसवायचा नसतो.

मातीबद्दलही सांगतो, कारण तुझा जीव तिथे अडकला आहे. माझाही होता. घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या सामानातून उभं राहावं, हा गांधीजींचा विचार बेकर सांगत. तू तो पत्राच्या सुरुवातीलाच लिहिला आहेस. पण त्याच पाच मैलांतलं ऊनही येतं आणि पाच मैलांखालची जमीनही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, पाटण तालुक्यात आमचं दगड-मातीचं घर होतं. आजीने मला गोधडीसकट ओढून अंगणात आणलं. मागे वळून पाहिलं तर भिंतीचं पोट फुगलं आणि बाहेरचा अर्धा थर ढासळला. आतला अर्धा तसाच उभा, त्यावर खुंटी आणि खुंटीला वडिलांचा सदरा. भिंतीच्या दोन थरांना बांधणारा एकही लांब दगड आमच्या गवंड्याने घातला नव्हता. म्हणून माती वापरायची तर या मुलखात जोत्यावर, चौकटींच्या माथ्यावर आणि छताखाली सलग पट्टा हवा, कोपरे बांधलेले हवेत, आणि दगड असेल तर आरपार जाणारे दगड मोजून घालून घ्यायचे, स्वतः उभं राहून. एवढं करायची तयारी नसेल तर फोटो बघत बस.

आणि माती म्हणजे आपोआप गारवा, हे तुला कोणी सांगितलं? इथल्या लिंब गावच्या बारा मोटेच्या विहिरीत तुला मी नेलं होतं, आठवतं? १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाईंनी बांधून घेतलेली. आतल्या दालनात उभी राहून तू म्हणालीस, सर, एसी लावल्यासारखं वाटतंय. तिथे चारी बाजूंनी जमीन आहे, खाली पाणी आहे, आणि भिंतीला ऊन लागतच नाही. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवंही तशीच, जमिनीच्या पोटात. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं म्हणून बरीच गेली, नाहीतर हळद त्यांत वर्षानुवर्षं टिकायची. दीड फूट जाडीची मातीची भिंत मावळतीच्या उन्हात उघडी ठेवलीस तर तीही तापणार, आणि साठवलेली धग रात्री आत सोडणार. मातीच्या भिंतीलाही आधी सावली द्यावी लागते. माती असो, वीट असो, जांभा असो, आधी मावळतीची भिंत.

सांगलीला काम मिळालं तर तिथे मात्र सगळ्यात आधी जोत्याची उंची. २०१९ ला आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. तो विषय वेगळा, भेटशील तेव्हा बोलू.

ऑफिसात तुला कोणीतरी सांगितलंच असेल की सर या एका भिंतीपायी कामं घालवतात. घालवली. गेल्या वीस वर्षांत चार बंगले हातचे गेले, कारण मी पश्चिमेला काच द्यायला नकार दिला. माझा भागीदार त्यातूनच वेगळा झाला. तो म्हणायचा, त्यांचं घर, त्यांचे पैसे, तुला काय पडलं आहे? त्याने मोठमोठ्या इमारती केल्या. मी मुलाच्या शिक्षणाला कर्ज काढलं आणि हिला लग्नात आणलेल्या पाटल्या मोडाव्या लागल्या. तिने कधी तोंडातून शब्द काढला नाही, तरी ते मला ठाऊक आहे. पण मी चुकलो असं मला आजही वाटत नाही. गिऱ्हाईक घर एकदा बांधतं. दुपारी चारला त्या खोलीत कसं वाटेल हे त्याला माहीत नसतं, आपल्याला माहीत असतं. माहीत असून गप्प बसायचं आणि फी घ्यायची, हे माझ्याच्याने होत नाही. गुरुजींच्या घरी चुकलो. तेव्हा तर माहीतही नव्हतं, तरी ते अजून सुटत नाही. माहीत असून केलं असतं तर आज तुला हे पत्र लिहायला तोंड राहिलं नसतं.

तू हट्टी हो असं मी म्हणत नाही. खरं तर म्हणतोच आहे. मामा तुझे आहेत, तुझा शब्द खाली पडू देणार नाहीत. दोन महिने तू त्यांना फोटो दाखवलेस आणि त्यांनी तुला फोटो दाखवले. आता फोटो बंद कर.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्याला ये. प्लॉटवर पाच फुटांची काठी रोवायची आणि सकाळी सातपासून सावलीचं टोक दर तासाला खडूने मांडत जायचं. मी सोबत बसेन. पाण्याची कळशी, दोन स्टुलं आणि टोपी एवढं आण, लॅपटॉप नको. दुपारी काठीची सावली नाहीशी होईल तेव्हा तुझ्या हाताने उत्तरेचा बाण त्या कागदावर काढ.

मामांनी तो प्लॉट डिसेंबरात संध्याकाळी पाहिला होता असं तू लिहिलंस, तिथेच मला सगळं कळलं. त्यांनाही बोलाव. वेळ मात्र चारची दे, साडेसहाची देऊ नकोस.

तुझा,
सर