सत्ताविसाव्या वर्षीही मुलगी ‘मोठी’ झाली नाही?

“मुलगी सत्तावीस वर्षांची झाली, पण अजून मोठी झालेली नाही,” अशी तक्रार घेऊन एक वडील मुलीसह माझ्याकडे आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तिने दोन नोकऱ्या सोडल्या होत्या, तिसरी करताना पुन्हा शिकण्याचा विचार चालवला होता, लग्नाचा विषय ती टाळत होती आणि राहत होती आईवडिलांकडेच. या वयात वडिलांचा संसार पुरता मार्गी लागला होता. हीच काळजी इतके पालक बोलून दाखवतात, की त्या भेटींविषयी सविस्तर लिहावेसे वाटते.

प्रौढ माणूस कशावरून ओळखावा, हे मी दोघांना वेगवेगळ्या कागदांवर लिहायला सांगितले. वडिलांनी लिहिले: कायमची नोकरी, लग्न, स्वतःचे घर, आईवडिलांना आधार. मुलीने लिहिले: स्वतःचे निर्णय स्वतः घेणे, चुकल्यास परिणाम स्वतः निस्तरणे, स्वतःचा खर्च भागवणे. एकही मुद्दा समान नव्हता. मग कागदांची अदलाबदल करून, दुसऱ्याच्या कसोटीवर स्वतःला पारखायला सांगितले. वडील पहिल्याच ओळीवर अडले, कारण थोरल्या भावाला विचारल्याशिवाय त्यांनी आजवर एकही मोठा निर्णय घेतलेला नव्हता. मुलीने ‘आधार’ या शब्दापुढे फुली मारली, तेव्हा वडीलच म्हणाले, “आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णालय, विम्याचे कागद, रात्रीची जागरणे, सगळे तूच तर पाहिलेस.” तिने ते कधी हिशेबात धरलेच नव्हते, वडिलांनीही त्या क्षणापर्यंत नाही.

मुलीची यादी हा निव्वळ हट्ट नव्हता. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी 2000 साली अठरा ते पंचवीस या वयाला ‘उदयोन्मुख प्रौढत्व’ म्हटले; त्यांच्या अभ्यासांत तरुणांनी प्रौढत्वाच्या खुणा म्हणून जवळपास तिच्याच तीन गोष्टी सांगितल्या आणि लग्नाला फारसे महत्त्व दिले नाही. चिनी विद्यार्थ्यांच्या उत्तरांत मात्र आईवडिलांना सांभाळण्याची क्षमताही ठळकपणे येते, म्हणजे वडिलांची शेवटची ओळही कालबाह्य ठरत नाही. घर सोडण्याचे सरासरी वय फिनलंडमध्ये सुमारे एकवीस, तर क्रोएशियात तिशीच्या पुढे आहे. कायद्याची रेषाही हलते: जपानने 2022 मध्ये सज्ञानतेचे वय विसावरून अठरावर आणले. शिक्षण लांबले, नोकऱ्या अस्थिर झाल्या आणि घरे महागली, तेव्हा “तुझ्या वयात मी” ही तुलना मला अन्यायाचीच वाटते. पण स्वातंत्र्याचा आग्रह धरायचा आणि घरखर्चाकडे काणाडोळा करायचा, हेही मला पटत नाही, आणि ते मी तिला स्पष्टपणे सांगितले.

त्यामुळे ‘मोठी झाली का’ हा वाद बाजूला ठेवून कोणती जबाबदारी कोणाची, एवढेच आम्ही ठरवले. शिक्षणाचा निर्णय तिचा. कर्जाचे आकडे ती घरी दाखवेल, परंतु परवानगीसाठी नव्हे. पगारातील ठरावीक वाटा घरखर्चाला देईल. घरातील विमा आणि कराची कागदपत्रे पूर्णपणे तिच्याकडे राहतील, वडील ती तपासणार नाहीत. लग्नाचा विषय प्रवेशाचा निकाल लागेपर्यंत बंद राहील, हे दोघांनीही काहीशा नाराजीनेच मान्य केले.

पुढच्या भेटीत वडिलांनी कागदपत्रे गुपचूप तपासल्याचे कबूल केले. चूक एकही सापडली नव्हती, तरी त्यांना झोप लागत नव्हती. त्या दिवशी मुलीविषयी आम्ही फारसे बोललो नाही. बोललो ते त्यांना वाटणाऱ्या भीतीविषयी.