जुन्या जिप्सीला लांब ट्रॅव्हलचं सस्पेन्शन बसवायचंय, मुंबईत सुरुवात कुठून करू?

तुम्ही विचारलंय, मेक्सिकोतल्या बाहाच्या वाळवंटात शर्यतीत धावणाऱ्या ट्रकसारखं सस्पेन्शन जिप्सीला जमेल का. त्या ट्रकची चाकं पुढे सुमारे 2 फूट आणि मागे त्याहून जास्त खालीवर होतात, कारण भरधाव वेगात उडी मारल्यावरचा दणका त्यांना गिळायचा असतो. आपल्याकडे सह्याद्रीतले नाले, काळे धोंडे आणि चिखल. गाडी चालते माणसाच्या पावलाने. इथे ट्रॅव्हल, म्हणजे चाकाची खालीवर होण्याची मुभा, हवी ती चारही चाकं जमिनीला टेकून राहावीत म्हणून. गाडी उंच केली की ट्रॅव्हल वाढला, असं मात्र नाही. कडक पाटे (लीफ स्प्रिंग) टाकून उचललेली गाडी उलट लवकर चाक हवेत धरते.

माझीही जिप्सीच आहे, चारही चाकांना पाटे. सुरुवातीला उत्साहात मी लांब शॉकअब (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) आणि लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी कडी) बसवले, बाकी काही पाहिलं नाही. पनवेलजवळच्या एका बंद खाणीत पुढचं डावं चाक खड्ड्यात लोंबलं आणि ब्रेकचा होज (ऑइलची लवचीक नळी) तुटला. पेडल एकदम खाली गेलं. लो रेंजच्या पहिल्या गियरमध्ये होतो, म्हणून इंजिन बंद केल्यावर गाडी जागेवर राहिली.

मग कुर्ल्यात एका गॅरेजात चारही शॉकअब काढले, चेसिस घोडीवर घेतली आणि अ‍ॅक्सलखाली जॅक लावून टॉर्च घेऊन आडवा झालो. जॅक हळूहळू उतरवला की सगळं दिसतं: होज कधी तारेसारखा ताणतो, प्रोपेलर शाफ्टचा स्प्लाइन (आत-बाहेर सरकणारा खाचांचा सांधा) किती बाहेर येतो, त्याचा क्रॉस (वळणारा सांधा) कुठे अडतो. शॉकअबची लांबी या मापांवरून ठरवायची. खाली जाताना शॉकअब पूर्ण ताणायच्या आत पट्ट्याने अ‍ॅक्सल अडला पाहिजे, वर येताना बंपस्टॉपवर (चेसिसखालच्या रबरी ठोकळ्यावर).

पाटे काढून फोर-लिंक (अ‍ॅक्सल धरणारे चार दांडे) आणि कॉइलओव्हर (शॉकअबभोवती कॉइल स्प्रिंग) लावायचं म्हणाल, तर पाट्यांची अडचण खरी आहे. वजन पेलायचं आणि अ‍ॅक्सल जागेवर धरायचा, दोन्ही कामं त्यांच्याच गळ्यात. फार मऊ केले तर जोर लागताच पिळतात. लिंक लावल्या की कॉइलला फक्त वजन पेलायचं उरतं. पण लिंकचे ब्रॅकेट चेसिसवर चुकीच्या कोनात वेल्ड झाले, तर मागचा अ‍ॅक्सलच गाडीला वळवू लागतो. बोरघाट उतरताना ते जिवावर बेतेल. त्याआधी मी तुम्हाला मागे लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी कुलपी, बसवायला सांगेन. साधा डिफ (डिफरेन्शियल) हवेतल्या चाकालाच फिरवत बसतो.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल चालत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हेच उचलून धरलं. एवढी बदललेली गाडी ट्रेलरवरूनच न्यावी.

सध्या तुमच्या गाडीचे पाटे किती जुने आहेत, आणि शॉकअब काढून चाक किती इंच लोंबतं, ते मोजून इथे लिहा. शॉकअबची लांबी त्यावरून सांगतो.