आधी पायरी मोज

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू तीन डोलकाठ्यांच्या लाकडी जहाजाचं मॉडेल बनवायच्या किटचा फोटो पाठवलास आणि खाली एवढंच लिहिलंस, ‘काका, घेऊ का?’ किंमत पाहिली. तुझ्या दोन महिन्यांच्या मेसचे पैसे. मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण नुसतं ‘नको’ म्हटलं असतं तर तू ते हमखास घेतलं असतंस. तुला लहानपणापासून ओळखतो.

असंच एक जहाज माझ्या माळ्यावर आहे. बोनसच्या पैशांतून घेतलं होतं, नोकरीत कायम झालो त्या वर्षी. खोकं उघडलं आणि पहिल्यांदा कळलं की यात जहाज नाहीच, जहाज होऊ शकेल असं लाकूड आहे. पट्ट्या भिजवायच्या, वाकवायच्या, बरगड्यांवर एकेक करून बसवायच्या, टोकाकडे निमुळत्या तासायच्या. त्यासाठी लागणारी हत्यारं वेगळी, पॉलिश वेगळं, छोटे चिमटे वेगळे. डावी बाजू पूर्ण झाली. उजवी अजून उघडी आहे. आमच्या सूनबाई त्याला ‘माशाचा काटा’ म्हणतात आणि दर दिवाळीला साफसफाईत विचारतात, हा काटा टाकू का? प्लास्टिकच्या किटचंही तेच. खोक्यावरच्या किमतीत प्लास्टिक चिकटवायचं सिमेंट, रंग, ब्रश, थिनर काही येत नाही. आणि चौघींच्या खोलीत रात्री थिनरचा वास सोडलास तर मैत्रिणी तुला किटसकट गॅलरीत झोपवतील.

किट वाईट असतं असं नाही. पण पहिली वस्तू म्हणून ते घेऊ नकोस. शिवाय तुझी पहिली वस्तू कधीच होऊन गेली आहे. तू चौथीत असताना सोसायटीच्या कोपऱ्यात तुम्ही दिवाळीचा किल्ला केला होता, आठवतोय? विटा, पोतं, माती, वर अळीव पेरलेले. सगळी पोरं मावळे मांडत होती आणि तू मात्र रुसून बसली होतीस. कारण काय, तर मावळा दरवाज्यातून आत जात नाही. बुरुजापेक्षा उंच आहे. मोठ्यांनी समजूत घातली, ‘अगं, चालतंय, किल्ल्यात असंच असतं.’ तू ऐकेनास. मी आयुष्यभर कारखान्याच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये बसलो, तेव्हा मला त्या रुसव्याची किंमत कळली. तुला स्केल खटकत होतं. ते ज्याला आपणहून खटकतं त्याला बाकीचं शिकवता येतं.

म्हणून माझं म्हणणं ऐक. तुझ्या आजोळचं घर कर. राजापूरकडचं, कौलारू, ज्याचं नाव निघालं की तू अर्धा तास बोलतेस.

स्केल १:५० घे. म्हणजे खऱ्या घराचा एक मीटर आपल्याकडे दोन सेंटीमीटर. मॉडेलवाल्यांची जी चमत्कारिक स्केलं तुला दिसतात, १:४८, १:७२, १:८७, त्यांना घाबरू नकोस; ती फूट-इंचातून आली आहेत. पाव इंचाला एक फूट म्हणजे १:४८, एक इंचाला सहा फूट म्हणजे १:७२. छोट्या रेल्वेवाल्यांचं १:८७ म्हणजे साडेतीन मिलिमीटरला एक फूट. आपण दशमानात राहू. तुझं आजोळ समज छत्तीस फूट लांब आणि चोवीस फूट रुंद असेल, तर ते साधारण २२ बाय साडेचौदा सेंटीमीटर येईल. ए-फोर कागदाच्या आकाराच्या तळावर घर बसून पुढे अंगणही उरतं. माणूस सव्वातीन ते साडेतीन सेंटीमीटरचा होईल. दरवाज्यातून आत जाईल, काळजी करू नकोस.

मापं घ्यायला गावी जायची गरज नाही. मामाला टेप घेऊन एकच पायरी, जोत्याचा एकच चिरा म्हणजे घडीव दगड आणि एकच दार मोजायला सांग. जोत्याचा एक चिरा किती उंच ते कळलं की फोटोत थर मोजायचे आणि गुणायचं. भिंतीचा फोटो अगदी समोरून, जितकं मागं जाता येईल तितकं मागं जाऊन, झूम करून काढायला सांग. जवळून काढला की भिंती वरच्या बाजूला आत झुकतात आणि सगळी मापं खोटी पडतात. मामाला दाराशेजारी भिंतीला पाठ लावून उभा कर. त्याची उंची तुला ठाऊक आहे, मग दाराची, खिडकीची, पडवीच्या खांबाची उंची त्याच्या प्रमाणात निघते. या भानगडीत तुला कळेल की खिडक्या तुला वाटत होत्या त्याहून कितीतरी खाली आहेत, बसलेल्या माणसाला अंगण दिसावं अशा. मला माझ्या घराचं हे मोजल्यावरच कळलं होतं. तीस वर्षं त्या घरात राहूनसुद्धा.

आता सामान. लग्नपत्रिका. हसू नकोस, घरात येणाऱ्या कागदांत इतका जाड, घट्ट आणि फुकट कागद दुसरा नाही. नक्षी नसलेली बाजू बाहेर घ्यायची. आतल्या आधाराच्या भिंतींना चहापत्तीची, टूथपेस्टची, औषधांची खोकी. खिडकीच्या काचेला नव्या शर्टाच्या कॉलरखाली येणारी पारदर्शक पट्टी. विकत आणायच्या वस्तू मोजक्याच: एक चांगला कटर, पात्याची टोकं मोडत जाणारा, एक स्टीलची फूटपट्टी, फेव्हिकॉलची छोटी बाटली, पोस्टर कलरच्या चार बाटल्या. लाल, पिवळा, काळा, पांढरा. हिरवा आणायचा मोह होईल. पिवळ्यात चिमूटभर काळा घालून बघ, पावसाळ्यातल्या शेवाळासारखा हिरवा होतो. बाटलीतल्या हिरव्यातून तो येत नाही.

ओट्यावर कापू नकोस. दगडावर पातं दोन रेघांत बोथट होतं आणि बोथट पातंच घसरून बोटात जातं. खाली जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा घे. एका दमात आरपार कापायचं नाही. पहिली रेघ नुसती वाट दाखवायला, दुसरी थोडी दाबून, तिसऱ्या-चौथ्या वेळी कागद आपोआप सुटतो. घडी जिथे हवी तिथे आधी शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्यायची, मग दुमडायचं. आणि त्याच्याही आधी कागद हातात घेऊन दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहायचा. एका दिशेने तो पटकन वाकतो, दुसऱ्या दिशेने कुरकुरतो. सहज वाकतो तेव्हा घडी जिथे पडेल, त्या रेषेला समांतर तंतू पडलेले असतात. लांब घडी त्या तंतूंच्या बरोबरीने घेतली की काठ धारेसारखा येतो. आडवी घेतली की घडीवर कागद फुटतो, बारीक पांढऱ्या भेगा पडतात.

फेव्हिकॉल बाटलीतून थेट ओतू नकोस. बाटलीच्या झाकणात थेंबभर काढ, दातकोरणीने काठाला लाव, आणि दहापर्यंत मोज. पांढरा रंग किंचित काचेसारखा होऊ लागला की चिकटव. ओला असताना चिकटवलंस तर भिंत सरकत राहते आणि बोटांना लागून सगळीकडे ठसे उमटतात.

इथे माझी एक फजिती सांगतो. माझा पहिला कागदी वाडा मी खळीने चिकटवला होता. मैदा उकळून केलेली खळ, घरचीच, फुकटची. दोन गोष्टी घडल्या. पहिली त्याच रात्री: भिंतीच्या पुठ्ठ्यावर मी रंगीत कागद एकाच बाजूने चिकटवला होता. सकाळी पाहतो तर चारही भिंती पापडासारख्या आत वळलेल्या. ओला कागद पसरतो आणि वाळताना आक्रसतो, पुठ्ठ्यालाही बरोबर ओढतो. उपाय सोपा आहे, मागच्या बाजूनेही तसाच कागद चिकटवायचा, म्हणजे दोन्हीकडून सारखी ओढ बसते, आणि वाळेपर्यंत वर दोन वह्या आणि खलबत्ता ठेवायचा. दुसरी गोष्ट कळायला पावसाळा यावा लागला. झुरळांनी खळीपायी वाड्याची मागची ओसरी खाल्ली. बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात ते याचसाठी, पण ते विष आहे, तू त्या वाटेला जाऊ नकोस. फेव्हिकॉल बरा.

छपराकडे आता नीट लक्ष दे, कारण सगळे इथेच चुकतात. वरून पाहिलं तर छपराची एक बाजू बारा फूट रुंद दिसते, म्हणजे आपल्या स्केलमध्ये ७.३ सेंटीमीटर. नवशिका माणूस तेवढीच कापतो आणि मग ती आढ्यापर्यंत, म्हणजे छपराच्या सगळ्यात वरच्या कण्यापर्यंत, पोचत नाही, कारण पाखं, म्हणजे छपराची ती बाजू, उतरतं आहे, आडवं पडलेलं नाही. आढं भिंतीच्या माथ्यापासून आठ फूट वर असेल तर ते ४.९ सेंटीमीटर. शाळेत पायथागोरस घोकला होतास ना? त्याला इथे कामाला लाव: ८.८ सेंटीमीटर. शिवाय वळचणीसाठी, म्हणजे भिंतीबाहेर येणाऱ्या कडेसाठी, आणखी एक-दीड सेंटीमीटर सोड. कोकणातलं छप्पर भिंतीच्या पुढे भरपूर आलेलं असतं. ते आखूड पडलं तर घर टोपी उडालेल्या माणसासारखं दिसतं.

मग कौलं. पार्सलच्या खोक्याचा पुठ्ठा घे, आत नागमोडी थर असतो तो. वरचा कागद ओल्या फडक्याने पुसून मिनिटभर थांब आणि सोलून काढ. सावकाश, नाहीतर पन्हळीही फाटतात. खाली उरतात त्या पन्हळी म्हणजे आपली कौलांची रांग. पण अख्खा तुकडा चिकटवू नकोस. वाळल्यावर सेंटीमीटरभर रुंदीच्या आडव्या पट्ट्या काप, पन्हळी पट्टीत उभ्या राहतील अशा, आणि वळचणीपासून सुरू करून वर चढत जा, प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीवर तीनेक मिलिमीटर चढवून. खरी कौलं अशीच शाकारतात, खालून वर, म्हणजे पाणी आत शिरत नाही. शेवटची पट्टी आढ्याशी नेमकी बसणार नाही. कुणाचीच बसत नाही. तिच्यावर आढ्याची कौलं येतात, ती झाकतात.

त्याआधी मामाला विचार, कौलं नळीची आहेत की मंगलोरी. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती चपटी, एकमेकांत अडकणारी कौलं किनाऱ्यावर सगळीकडे गेली. त्याआधीची ती गोल नळीची. पुठ्ठ्याच्या पन्हळी नळीच्या कौलांना जास्त शोभतात; मंगलोरीला थोडं दाबून चपट्या करायच्या. गोठ्यावर पत्रा असेल तर मोबाइलच्या कव्हरचं खोकं शोध. त्यातल्या पन्हळी इतक्या बारीक असतात की १:५० ला त्या पत्र्यासाठी शोभतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एक दिवस खोकं टाकताना हातात पट्टी होती म्हणून मोजलं.

रंग सगळीकडे एकसारखा देऊ नकोस. कौलांना लालात किंचित काळा, मग अर्धवट सुकलेल्या ब्रशने एखादं-दुसरं कौल जास्त पिवळट, वळचणीकडे काळपट, आढ्याखाली जिथे सावली असते तिथे शेवाळ. कापलेल्या कडा पांढऱ्या राहतात, त्या जोडण्याआधीच रंगवून घे. जोडल्यावर ब्रश पोचत नाही. जोत्याच्या जांभ्याला स्पंजाचा तुकडा टेकवत रंग लाव, ब्रश नको. अंगणाला वाळवलेली, चाळलेली चहाची पूड. झाडांना वाळलेल्या तुळशीच्या काड्या, त्यांच्या फांद्या हुबेहूब मोठ्या झाडासारख्या फुटतात, आणि त्यांवर वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीचे कातरलेले तुकडे. तुळस तोडायची नाही, वाळलेलीच घ्यायची, हे सांगायला नको.

रोज पाऊण तास पुरे. सगळं मिठाईच्या एका खोक्यात मावलं पाहिजे, कॉटखाली सरकवता येईल असं. उठताना दुसऱ्या दिवशीचा पहिला तुकडा आखून ठेव. कामावरून दमून आल्यावर ‘आता काय करू’ हा विचार करायला लागला की माणूस फोन हातात घेतो आणि तो तास गेलाच.

एखाद्या रविवारी कोथरूडला कर्वे रस्त्यावर जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे तिथे जा. भाऊसाहेब जोशी यांचा छंद. १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. गाड्या पाहायला सगळेच जातात, तू कडेची घरं आणि दिवे बघ. १:८७ ला त्यांनी छपरं आणि खिडक्या कशा सोडवल्या आहेत ते बघ. आणि फुकट शिकायचं तर अरविंद गुप्तांच्या खेळण्यांकडे वळ. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांसाठी वर्षानुवर्षं टाकाऊतून खेळणी करत राहिले. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, एवढ्यावर त्यांनी घनापासून घरापर्यंत सगळं उभं केलं. त्यात एक फायदा आहे: चौकोन हलतो आणि त्रिकोण हलत नाही हे हाताला कळतं. मग छपराला कैची, म्हणजे आतला त्रिकोणी सांगाडा, का असते हे तुला पुस्तकातून वाचावं लागणार नाही.

जहाजाचं म्हणशील तर घर पूर्ण झाल्यावर माझ्याकडे ये. माळ्यावरचा माशाचा काटा तुझा. उजव्या बाजूच्या पट्ट्या खोक्यात तशाच आहेत, मी मोजल्या, दोनच मोडल्या आहेत. मी डावी कशी बसवली ते दाखवीन, कुठे चुकलो तेही.

पण आधी पायरी. आज रात्री मामाला फोन कर. नऊच्या आत, नंतर तो उचलत नाही. कापायला लागण्याआधी चारही बाजूंची ड्रॉइंगं मला पाठव. मी लाल पेन शोधून ठेवतो.

तुझा,
काका

ता. क. : ऑफिसात संपलेली बॉलपेनं कुणी टाकत असेल तर गोळा कर. बारीक टोकाचं एक आणि जाड टोकाचं एक हवं.