आधी नोंद, मग मांडणी

प्रश्न : मी इतिहासात पीएच.डी. करीत आहे. एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखनावरचा माझा इंग्रजी लेख एका नियतकालिकाने परीक्षकांकडे न पाठवताच परत केला. संदर्भ एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) पद्धतीच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे नाहीत, एवढेच कारण कळवले. प्रबंधात मी तळटिपा आणि ‘तत्रैव’ (म्हणजे ‘वरच्याच ग्रंथात’) वापरले होते, लेखातही तेच ठेवले. शिवाय काही जुन्या पुस्तकांवर फक्त शकवर्ष आहे आणि काहींची मी पुष्कळ नंतरची आवृत्ती वाचली आहे. हे सर्व त्या पद्धतीत कसे बसवावे? — एक संशोधक, सोलापूर

उत्तर : लेख परत आला याचा अर्थ तुमच्या मांडणीविषयी कोणी प्रतिकूल मत दिले असा नाही, तो अजून कोणी वाचलेलाच नाही. अडचण अशी झाली आहे की प्रबंधातील तळटिपांची पद्धत आणि नियतकालिकाला हवी असलेली लेखक-वर्ष पद्धत या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत, आणि एकीवर दुसरीचा नुसता मुलामा चढवता येत नाही. शिकागो या दुसऱ्या प्रचलित संदर्भपद्धतीत तळटिपांचा पर्याय आहे. एपीएमध्ये मात्र आधार मजकुरातच, कंसात आडनाव आणि वर्ष देऊन, सांगायचा असतो आणि त्याची पूर्ण नोंद लेखाच्या शेवटी आडनावांच्या वर्णानुक्रमाने करायची असते. तळटीप तेथे केवळ स्पष्टीकरणासाठी उरते. म्हणून तुमची प्रत्येक तळटीप उघडून तिचे दोन भाग करा : ग्रंथाची माहिती सूचीत जाईल, तुमचे भाष्य मजकुरात किंवा टिपेत राहील. अवतरण शब्दशः घेतले असेल तर पृष्ठांकही द्यावा लागतो. तीन किंवा अधिक लेखक असतील तर मजकुरात पहिल्याच उल्लेखापासून पहिले आडनाव आणि ‘व इतर’ या अर्थाचा संक्षेप पुरतो. प्रकाशनस्थळ २०१९मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीने काढून टाकले आहे, त्यामुळे प्रत्येक नोंदीतले ‘पुणे’ आणि ‘मुंबई’ गाळावे लागेल.

‘तत्रैव’ तर एपीएमध्ये नाहीच. पण ज्या पद्धतींत तो चालतो तेथेही मी तो लेख पूर्ण होईपर्यंत वापरू नये असेच सांगतो. परीक्षक एखादा नवा संदर्भ घालायला सुचवतात, तुम्ही तो दोन टिपांच्या मध्ये घालता, आणि खालचा ‘तत्रैव’ त्या क्षणी चुकीच्या ग्रंथाकडे बोट दाखवू लागतो. संपादन करताना अशा तुटलेल्या साखळ्या मी अनेकदा पाहिल्या आहेत, आणि मूळ ग्रंथ कोणता होता हे काही वेळा लेखकालाही आठवत नाही. आडनाव आणि संक्षिप्त शीर्षक पुन्हा लिहिणे अधिक सुरक्षित आहे. शिकागोनेही २०१७च्या आवृत्तीपासून त्यालाच पसंती दिली आहे.

शकवर्षाकडे विशेष लक्ष द्या, कारण सरसकट ७८ मिळवण्याची सवय येथे घात करते. शालिवाहन शक चैत्र शुद्ध प्रतिपदेला बदलतो. त्यामुळे वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. ‘केसरी’चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला, तेव्हा शके १८०२ चालू होते. त्यात ७८ मिळवले तर १८८० येते आणि पत्र सुरू होण्याआधीचे वर्ष तुमच्या सूचीत छापले जाते. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर महिना नसेल तर प्रस्तावनेच्या शेवटी लेखकाने मिती घातली आहे का ते पाहा. ती प्रस्तावनेची मिती असते, छपाईची नव्हे, हे लक्षात ठेवूनच तिचा आधार घ्या. तेवढ्यानेही उलगडा झाला नाही तर दोन्ही इसवी वर्षे जोडून लिहा आणि मूळ शक टिपेत नोंदवा. साप्ताहिकातील लेखाला नुसते वर्ष पुरत नाही, अंकाची पूर्ण तारीख द्यावी.

नंतरची आवृत्ती वाचली असेल तर दोन्ही वर्षे सांगायची असतात. महात्मा फुले यांचे ‘गुलामगिरी’ १८७३मध्ये प्रसिद्ध झाले. तुम्ही ते महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९९१मध्ये काढलेल्या समग्र वाङ्मयात वाचले असेल, तर मजकुरात (फुले, १८७३/१९९१) असे लिहा. पृष्ठांक १९९१च्या पुस्तकाचाच द्या, आणि सूचीतील नोंदीच्या शेवटी मूळ प्रकाशनाचे वर्ष नमूद करा. केवळ १९९१ लिहिले तर सत्यशोधक समाजाच्या स्थापनेच्या वर्षीचे पुस्तक शंभराहून अधिक वर्षांनी पुढे सरकते. केवळ १८७३ लिहिले तर तुम्ही सांगितलेल्या पानावर वाचकाला ते वाक्य सापडत नाही. तळटिपांच्या सवयीत ही गोष्ट सहज निसटते. आणि फुल्यांचे वाक्य तुम्ही दुसऱ्याच अभ्यासकाच्या ग्रंथात वाचले असेल, तर मजकुरात फुल्यांचे नाव घेऊन ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ असे स्पष्ट लिहा. सूचीत मात्र तुम्ही प्रत्यक्ष हाताळलेला ग्रंथच येईल.

राहिला लिपीचा प्रश्न. इंग्रजी लेखात मराठी शीर्षक रोमन लिपीत लिहून त्याचा इंग्रजी अर्थ चौकटी कंसात द्यावा, असा एपीएचा नियम आहे. लिप्यंतराची एकच पद्धत शेवटपर्यंत पाळा. एकाच लेखकाचे आडनाव दोन वर्णलेखनांनी आले तर सूचीत दोन लेखक तयार होतात. लेखक स्वतः आपले नाव रोमन लिपीत विशिष्ट रीतीने लिहीत असेल, तर तीच रीत स्वीकारणे सौजन्याचेही आहे आणि शोधण्याच्या दृष्टीने उपयोगाचेही.

प्रश्न : झोटेरो हे संदर्भसूची करून देणारे सॉफ्टवेअर वापरूनही माझ्या सूचीत चुका येतात. लेखकांची नावे उलटसुलट होतात आणि रोमन लिपीतील मराठी शीर्षकांत प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे होते. — एक प्राध्यापिका, नागपूर

उत्तर : झोटेरो तुम्ही भरलेली माहिती मांडते, तपासत नाही. ग्रंथालयाच्या सूचीतून नोंद उतरवून घेतली की ‘ज्योतिराव गोविंदराव फुले’ हे सारे पुष्कळदा आडनावाच्याच रकान्यात बसते, म्हणून नोंद घेतल्याबरोबर आडनाव आणि नाव वेगळे करा. संस्था लेखक असेल तर नावाचा रकाना एकपदरी करा, अन्यथा संस्थेच्या नावातील शेवटचा शब्द आडनाव समजला जाईल. मोठ्या अक्षरांचे कारण असे आहे की शिकागोसारख्या पद्धतीत झोटेरो प्रत्येक शीर्षक इंग्रजीच आहे असे गृहीत धरते. भाषेच्या रकान्यात मराठीचा ‘एमआर’ हा संकेत रोमन अक्षरांत भरला की ते थांबते. देवनागरी सूची करताना क्षीरसागर हे आडनाव ‘क’खाली घ्यायचे की वर्णमालेच्या शेवटी ‘क्ष’खाली, हे नियतकालिकाचा एखादा जुना अंक पाहून ठरवा आणि यादी शेवटी डोळ्यांनी वाचून काढा.

प्रश्न : लेख तयार आहे, संदर्भसूची कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून करून घेतली तर चालेल का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुमच्याजवळ असलेल्या पूर्ण नोंदी एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत बदलून घ्यायच्या असतील आणि नियतकालिकाचा त्याला आक्षेप नसेल, तर तो मार्ग वापरता येईल, मात्र नंतर प्रत्येक ओळ मूळ नोंदीशी ताडून पाहावी लागेल. विधानांना आधार शोधून देण्याचे काम त्या साधनाकडे सोपवू नका. ही साधने खऱ्या अभ्यासकांच्या नावावर कधीच न लिहिलेले लेख दाखवतात, त्यांना खंड, अंक आणि पृष्ठांकही देतात, आणि ते दिसायला अगदी निर्दोष असते. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक, दिला असेल तर तो उघडून पाहा आणि उघडलेले शीर्षक तेच आहे का हे वाचा. डीओआय नसलेला जुना मराठी ग्रंथ किंवा अंक ग्रंथालयात जाऊन हातात घ्यावा लागतो. तो मिळाला नाही, तर ती नोंद आणि तिच्यावर उभे असलेले विधान दोन्ही लेखातून काढा.