ब्रेकर (काँक्रीट फोडायचं मशीन) चालवून भावाची बोटं पांढरी पडतात, जाड हातमोजे पुरतील का?
नाही, नुसत्या हातमोज्यांवर विसंबू नका. ते हात उबदार ठेवतात, तेवढं हवंच, पण ब्रेकरचा हादरा फारसा अडवत नाहीत. मशीन हातात असण्याचा वेळच कमी करायला हवा. युरोपात 8 तासांच्या दिवसाला कंपनाची मर्यादा 5 मीटर प्रति वर्ग सेकंद आहे. कंपन 10 वर गेलं की फक्त 2 तास उरतात. म्हणून दोघांनी आलटूनपालटून चालवा. बोथट छिन्नी लगेच बदला, मूठ आवळू नका. विडी-सिगारेट सोडायला सांगा, बोटांचा रक्तपुरवठा तिने आणखी कमी होतो. गार पाण्यात हात घातल्यावर बोटांची टोकं खडूसारखी होत असतील, शर्टाचं बटण लावता येत नसेल, तर आजच डॉक्टरांकडे न्या आणि तो ब्रेकर चालवतो हे आवर्जून सांगा. बधिरपणा एकदा मुरला की सहसा जात नाही.