पीयूसी पास, घाटात धूर

प्रश्न : माझी डिझेल पिकअप आहे. भाजी घेऊन मुंबईला जातो, येताना किराणा भरून आणतो. पीयूसी दरवेळी पास होते, पण कसारा घाट चढताना मागे काळा धूर सुटतो. मागचे गाडीवाले शिव्या घालतात. खोटं कोण, मशीन की गाडी?
– एक वाहनचालक, सातपूर

उत्तर : खोटं कुणीच नाही, पण पुढच्या वेळी पीयूसीवाला काय करतो ते खाली उतरून बघा. गाडी न्यूट्रलमध्ये, सायलेन्सरमध्ये नळी, मग अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सोडायचा, असं काही वेळा. धुरातून प्रकाशाचा झोत जातो आणि धुराने तो किती अडवला, एवढंच यंत्र सांगतं. गाडीवर ना माल असतो, ना समोर चढ. घाटात भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये चढते तेव्हा इंजिन डिझेल भरपूर ओढतं. एअर फिल्टर तुंबलेला असला किंवा नोझल गळत असली की ते पुरतं जळत नाही आणि त्याची काजळी होते. म्हणून आधी मेकॅनिककडून या दोन गोष्टी तपासून घ्या.

जे दिसतच नाही, त्याबद्दल मात्र तुम्हाला कुणी शिव्या घालणार नाही. डिझेल इंजिनातून निघणारे नायट्रोजन ऑक्साइड पीयूसीत मोजलेच जात नाहीत. पेट्रोल गाडीचीही तीच गत. इंजिन जागेवर चालू ठेवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजले की कागद हातात. नाशिकच्या द्वारका चौकात संध्याकाळी डोळे चुरचुरतात, तेव्हा आजूबाजूच्या बहुतेक गाड्यांच्या डिकीत वैध पीयूसी असते, हे लक्षात ठेवा.

आता मुद्दाम केलेल्या फसवणुकीची गोष्ट. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या छोट्या चमूने २०१३ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांच्या डिकीत मोजणीयंत्रं ठेवली आणि गाड्या खऱ्या रस्त्यावर पळवल्या. एक तर थेट लॉस एंजेलिस ते सिअॅटल. अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे भारतातून गेलेले दोघे त्या चमूत होते. प्रयोगशाळेत रोलरवर सभ्य वागणारी फोक्सवॅगनची जेट्टा रस्त्यावर मर्यादेच्या १५ ते ३५ पट नायट्रोजन ऑक्साइड सोडत होती. गाडीच्या संगणकात अशी सोय होती, की चाकं फिरतायत पण स्टिअरिंग हलत नाही, वेगही ठरावीक साच्यात बदलतोय, म्हणजे परीक्षा चालू आहे, हे तो ओळखायचा आणि तेवढ्यापुरते हे वायू आवरायचा! सप्टेंबर २०१५ मध्ये हे जगजाहीर झालं. आपल्याकडेही एप्रिल २०२३ पासून बीएस-६ या प्रदूषण नियमांच्या दुसऱ्या टप्प्यात नव्या मोटारींची रस्त्यावरची चाचणी आली. तुमच्या जुन्या पिकअपला ती लागू नाही, त्यामुळे फिल्टरचं तुम्हीच बघायचं.

प्रश्न : आईचं वरचं बीपी दवाखान्यात १६०, घरच्या मशीनवर १३०. खरं कुठलं?
– एक वाचक, कॉलेज रोड

उत्तर : दवाखान्यात आईंचं बीपी खरोखरच १६० झालेलं असतं, मशीनला दोष देऊ नका. इटलीतले डॉक्टर ज्युसेप्पे मान्चिया यांनी १९८३ मध्ये रुग्णांच्या धमनीत नळी ठेवून रक्तदाब सलग नोंदवला. डॉक्टर कफ घेऊन जवळ आले की वरचा आकडा सरासरी २७च्या आसपास चढायचा आणि दहा मिनिटांत बराचसा उतरायचा. पुढे त्यांनीच पाहिलं, की परिचारिका आली तर चढ जेमतेम निम्मा.

याच्या उलटंही घडतं. दवाखान्यात १२५, घरी १४५. हा प्रकार जास्त फसवा, कारण कुणाला शंकाच येत नाही. सातपूरच्या पिकअपची पीयूसीच म्हणा ना. आईंना पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसवा. हात छातीच्या पातळीवर हवा, आधीच्या अर्ध्या तासात चहा नको. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. घरी सरासरी १३५/८५च्या आत असेल तर बरं. पण गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करायची नाही.

प्रश्न : आमच्या गल्लीत नंदीबैल आला होता. बाबांनी 'कांद्याला भाव मिळेल का' विचारलं, त्याने मान डोलावली. यावर विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्प होईल का?
– एक विद्यार्थिनी, इयत्ता नववी, पिंपळगाव बसवंत

उत्तर : होईल की! नंदीला भाव कळत असता, तर लासलगावच्या व्यापाऱ्यांनी त्याला एव्हाना पळवून नेलं असतं.

शंभरेक वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा होता. त्याचे मालक फॉन ऑस्टेन, निवृत्त गणित शिक्षक. बेरीज विचारली की हान्स खूर आपटून उत्तर द्यायचा. १९०४ मध्ये तज्ज्ञांची समिती बसली. तिला लबाडी सापडली नाही, कारण लबाडी नव्हतीच. मग ऑस्कर फुंग्स्ट या तरुण संशोधकाने साधी युक्ती केली : ज्याला उत्तर ठाऊक नाही, त्यालाच प्रश्न विचारायला लावलं. घोडा गडबडला. डोळ्यांना झापडं लावली, तरी तेच. प्रश्न विचारणारा खुराकडे बघायला किंचित वाकायचा आणि बरोबर आकडा आला की नकळत मान वर करायचा. हान्स तेवढंच टिपायचा. मला यातली गंमत वाटते ती अशी, की हे सगळं कळल्यावरही फुंग्स्टना स्वतःची मान रोखता येईना.

नंदीला शिकवूनच तयार केलेलं असतं, त्यामुळे तू खूण शोध : दोरीचा हिसका, ढोलाचा बदललेला ठेका, की मालकाचा हात? हो-नाही उत्तराचे वीस प्रश्न चिठ्ठ्यांवर लिही. दहांना मालक समोर, दहांना बैलाच्या मागे, दोरी सैल, ढोल बंद. कुठला प्रश्न कधी, ते चिठ्ठी उचलून ठरव. मान हलली का, हे प्रश्न न ऐकलेल्या मैत्रिणीने लांबून नोंदवायचं. नंदीवाल्यांना आधी नीट समजावून परवानगी घे, आणि त्यांचा अर्धा दिवस मोडेल, त्याचे पैसे वडिलांकडून घेऊन ठेव.