‘ए-वन’च्या परीक्षेत अडतं ते कुठे?

“नवरा इंग्लंडला आहे. माझ्या व्हिसासाठी इंग्रजी बोलण्या-ऐकण्याची परीक्षा द्यायची आहे. शिक्षण सगळं मराठी माध्यमातलं. नापास झाले तर तिकडे जाणं कायमचं राहील का?” हा प्रश्न घेऊन बऱ्याच मुली येतात. मुलगेही येतात, फक्त ते ‘एका मित्रासाठी’ विचारतात.

आधी सरळ उत्तर देते: नाही, कायमचं राहत नाही. जोडीदाराच्या व्हिसासाठी ही अट २०१० च्या नोव्हेंबरपासून आहे. पहिल्या अर्जाला लागते ती ‘ए-वन’ पातळी, म्हणजे युरोपीय मोजपट्टीच्या सहा पायऱ्यांतली सगळ्यात खालची. लिहिणं-वाचणं तपासत नाहीत. निकाल पास किंवा नापास, मधलं काही नाही. नापास झालं तर पुन्हा बसता येतं. फी पुन्हा भरावी लागते, हे मात्र खरं.

हे सगळं मागे माझ्याकडे आलेल्या एका मुलीला तोंडपाठ होतं. तरी तिची झोप उडाली होती. पहिल्या भेटीत मी तिला परीक्षेत विचारतात तसा प्रश्न इंग्रजीतून विचारला, मुद्दाम जरा भरभर. ती हसली आणि खाली बघत ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. तोच प्रश्न सावकाश विचारला, तर उत्तर आलं, तेही बरोबर.

म्हणजे शब्द होते. पण समजलं नाही की गप्प बसायचं, ही तिची जुनी सवय होती. वर्गात ‘कळलं नाही’ म्हटलं की बाकीचे हसायचे. आता रोज रात्री फोनवर नवरा सराव घ्यायचा आणि दर वाक्याला टोकायचा: ‘गो’ नाही, ‘गोज’. बिचारा मदतच करत होता. पण आठवड्याभरात ती त्याच्याशी मराठीतही कमी बोलायला लागली. घरोघरी सापडणारा हा प्रकार आहे आणि माझ्या मते परीक्षेपेक्षा नुकसान तोच जास्त करतो.

मग आम्ही व्याकरण बाजूला ठेवलं. “सॉरी, कॅन यू रिपीट, प्लीज?” हे एकच वाक्य घेतलं. मी मुद्दाम पुटपुटायचे, खिडकीकडे तोंड करून बोलायचे, आणि तिने मला थांबवून पुन्हा विचारायचं. सुरुवातीला तिला ते उद्धटपणाचं वाटायचं. म्हणून सांगितलं, परीक्षकाला अशी विनंती केलेली चालते. समोरच्याशी संवाद साधता येतो का, हेच तिथे बघतात. मराठी वळणाचे उच्चारही चालतात, समजले म्हणजे झालं. नवऱ्याला निरोप दिला: महिनाभर एकही चूक सुधारायची नाही, फक्त आज काय केलंस ते विचारायचं आणि उत्तर ऐकून घ्यायचं.

ती ‘आयेल्ट्स लाइफ स्किल्स’ ही फक्त बोलण्या-ऐकण्याची परीक्षा देणार होती. त्यात दोन उमेदवार एकत्र बसतात आणि समोर एक परीक्षक. साधारण १६ ते १८ मिनिटांत आटोपतं. नाव सांगा, स्पेलिंग सांगा, घरच्यांबद्दल दोन शब्द बोला, एकमेकांना प्रश्न विचारा, रेकॉर्डिंग ऐकून उत्तरं द्या, मिळून काहीतरी ठरवा. तिला धास्ती होती ती शेजारच्या उमेदवाराची. “ती फाडफाड बोलली तर?” बोलू दे. गुण दोघींचे वेगळे. उलट ती बोलत असताना आपल्याला ऐकायला आणि विचारायला विषय मिळतो. खरी अडचण निघाली स्पेलिंगची. स्वतःच्या आडनावात ‘जे’च्या जागी ती ‘जी’ म्हणायची आणि मग पुढचं सगळं घसरायचं. तेवढं मात्र घोकून घेतलं. घोकण्याला मी एरवी विरोध करते, पण इथे इलाज नव्हता.

ती पास झाली. परीक्षेत तिने दोनदा “रिपीट” म्हटलं, हे तिने पास झाल्याच्या बातमीआधी सांगितलं. पुढे तिथे मुदत वाढवताना ‘ए-टू’ आणि कायमच्या वास्तव्यासाठी ‘बी-वन’ लागतं, तेव्हा नवऱ्याचं टोकणं बंदच ठेवा असं दोघांना सांगून ठेवलं आहे.

तुमची तारीख ठरायची असेल तर नीट बघा: साधी आयेल्ट्स चालत नाही. ब्रिटनच्या गृहखात्याने मान्य केलेलीच परीक्षा मान्य केलेल्या केंद्रावर द्यावी लागते. निकाल दोन वर्षं धरतात. वय ६५ किंवा त्याहून जास्त असेल किंवा पदवी इंग्रजी माध्यमातून घेऊन तिची तिकडून पडताळणी करून घेतली असेल, तर ही परीक्षा बहुधा लागणारच नाही. आणि केंद्रावर जाताना, नोंदणीत ज्याचा क्रमांक दिला तोच मूळ पासपोर्ट न्या. झेरॉक्स दाखवून आत सोडत नाहीत.